दामूकाकाचा उजवा कान

बांधाखालचं लोखंड दामूकाकानं हलवलं नव्हतं. ते मी हलवलं होतं. हे वाक्य ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्यांतलं आता जवळजवळ कुणीच राहिलेलं नाही. पण त्यांची नातवंडं आहेत, आणि पारावर जमिनीच्या वादाची गोष्ट निघाली की माझ्या काकाचं नाव अजून एका विशिष्ट हसण्यासकट निघतं. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे. गंमत अशी, की लिहायला बसलो की माझी लाज बाजूला राहते आणि काकाच डोळ्यांपुढं येतो, कानाला ती काळी वाटी लावून, मान किंचित उजवीकडं कलती करून पांढऱ्या रानातून चाललेला. तेव्हा आधी तोच.

दामूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. काका लष्करात सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. लढाई संपल्यावर त्याच्या तुकडीला कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर ठेवलं होतं. वाळूत पुरलेले सुरुंग निघाल्याशिवाय कोळ्यांना होड्या काढता येत नव्हत्या. तिथंच एक सुरुंग जवळ फुटला आणि काकाचा डावा कान गेला. पेन्शन घेऊन तो घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात समुद्राची वाळू. आईला वाटलं, काहीतरी मौल्यवान असेल. काका म्हणाला, "वहिनी, ह्यात हरभरं भाजा. मीठ लावायला नको." आईनं खरंच चुलीवर कढई ठेवून त्या वाळूत हरभरे भाजले. ते तडतडायला लागले की सगळ्या घरात एक वेगळाच वास सुटायचा, समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण आई म्हणायची, "हाच आसल बघ समुद्राचा वास." ती वाळू चाळून परत डब्यात जायची आणि पुन्हा निघायची. दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गळ्याखाली उतरत नसत, त्या भाकरीबरोबर ते खारे हरभरे आणि हुलग्यांचं पातळ शेंगोळं, एवढंच मला त्या वर्षांचं जेवण म्हणून आठवतं.

सुरुंग शोधायचं यंत्र काकानं नगरच्या जुन्या बाजारातून आणलं. भंगारवाल्याला ते काय आहे ते माहीत नव्हतं. रेडिओचा तुटका सांगाडा म्हणून त्यानं तो बाजूला टाकला होता. लांब लाकडी दांडा, दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी एक चपटी थाळी, पाठीवर घ्यायची एक पेटी आणि कानाला लावायच्या दोन काळ्या वाट्या. काकानं ते धूड एस.टी.च्या टपावर घातलं, केडगावला त्याच्या ओळखीचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता त्याच्याकडं नेलं, आणि तिथं आठवडाभर राहून, आतलं अर्धं सामान बदलून ते बोलतं केलं. घरी आणल्यावर त्यानं कानाच्या वाट्या जोडणारी पट्टी मधोमध कापली. एक वाटी त्याच्या उजव्या कानाला, दुसरी माझ्या उजव्या कानाला. "मला एकच कान हाय. दुसरी वाटी कशाला फुकट घालवायची?" तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. श्रीरामपूरच्या कॉलेजात नाव घातलं होतं, पण दुष्काळानं ते सुटलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका वायरीनं बांधले गेलो. मी त्याच्या डावीकडं, खांद्याला खांदा लावून चालायचो. तो थांबला की मला थांबावं लागे. बैलजोडीला जू असतं तसं.

आमच्या शेजारच्या रानात हमीदाचाची राबायची. नवरा वारलेला, पदरात दोन लहान मुलं, आणि तोंड असं की पाटबंधाऱ्याचे लोकही तिच्या वाटेनं जायचं टाळत. आम्हाला पहिल्यांदा तसं चालताना बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दामूभाऊ, जमिनीला इस्त्री करताय व्हय? आमच्या बी रानाला करा की, लई चुरगळलंय!"

ते रान खरंच चुरगळलेलं होतं. कॅनॉल आल्यावर सगळ्यांनी ऊस लावला, पाणी सोडलं ते सोडलं, आणि काही वर्षांत जमिनीच्या पोटातला खार वर आला. आधी कोपऱ्यात पांढरा डाग, मग दोन सरींत, मग सगळं शेत. पायाखाली पापडासारखा थर मोडायचा. चप्पल लवकर झिजे, टाचा फुटत. गावानं त्या पट्ट्यावर पाणी सोडलं होतं, म्हणजे आशा सोडली होती. काका मात्र तिथं पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मोठ्यानं हसला. "आरं वसंता, हा तर किनाराच की! नुसता समुद्र तेवढा कमी हाय."

समुद्रकाठी तो जे शिकला होता ते त्यानं मला त्या पांढऱ्या रानात शिकवलं. खार ओला झाला की यंत्राला वेड लागतं. कोरड्या वाळूत गप्प बसणारी थाळी ओल्या वाळूवर नेली की सगळीकडं लोखंडच आहे अशी कण्हायला लागते. नवखा माणूस तिथं घाबरतो आणि जागोजागी खणत बसतो. काका म्हणायचा, "खार खोटं बोलत न्हाई. तो नुसता बडबडतो. बडबडीतून बोलनं येगळं काडायचं." त्यासाठी थाळी जमिनीपासून कायम एकाच उंचीवर धरायची. पाण्याकडून कोरड्याकडं फिरवायची नाही. पाण्याच्या रेघेला धरून, लांबीत फिरवायची, म्हणजे ओल सगळीकडं सारखी राहते. आमच्याकडं पाणी नव्हतं, पण पांढऱ्या थराच्या कडा होत्या. त्या कडांना धरून आम्ही चालायचो. खाराचा आवाज घोंगडं ओढत नेल्यासारखा हळूच चढतो, हळूच उतरतो. लोखंडाचा आवाज दारावर थाप पडावी तसा येतो. आणि एवढ्यानंही खात्री नसेल तर उलट्या बाजूनं परत यायचं. खार असेल तर आवाजाची जागा सरकते. लोखंड असेल तर ते दोन्ही वेळा एकाच जागी बोलतं. मला हे सगळं डोक्यात समजलं होतं. काकाला ते कानात समजलेलं होतं. तो डोळे मिटून चालायचा. एकदा उकिरड्यात पडलेलं शेजारच्या सुनेचं जोडवं त्यानं शेणाखताच्या ढिगातून असं काढलं, जसं कुणी अंधारात आपल्याच घरातली काडेपेटी उचलावी. सून रडत होती. काका तिला म्हणाला, "घे बाई. आन आता हसून दाखव, न्हाईतर परत टाकतो." आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. आपल्या कामात इतका निवांत असलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कॅनॉल कोरडा पडला. गावच्या विहिरींना जे पाणी होतं ते मचूळ. जनावरं तोंड लावून मान फिरवत. आबांनी त्या टाकलेल्या खारवट पट्ट्यात, चाचीच्या बांधाला लागून, जिथं थोडी हरळी हिरवी दिसत होती तिथं विहीर घेतली. सगळे हसले, आणि पाणी गोड लागलं. आईनं पहिली कळशी घरी आणली तेव्हा तिनं ती आधी बैलांपुढं ठेवली. आमची बैलजोडी तोवर हाडांवर आली होती. पाणी लागलं नसतं तर आबा त्यांना घोडेगावच्या बाजारात नेणार होते, आणि त्या उन्हाळ्यात तिथं बैल कोण घेत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी लागलं तशी हमीदाचाची बांधावर येऊन उभी राहिली. "भाऊ, तुमच्या दगडाला पाय फुटलेत व्हय? माज्या नवऱ्याच्या वक्ताला हा हद्दीचा दगड इथं नव्हता."

"दगड हाय तिथंच हाय," आबा म्हणाले.

"मग माजं रान आटलं आसंल. धुतल्यावर कापड आटतंय तसं."

आबा खोटं बोलत नव्हते, हे मला आजही लिहायचं आहे. कॅनॉलला पाणी होतं तेव्हा खार धुवून काढायला आम्ही दरवर्षी त्या पट्ट्यात पाणी तुंबवायचो. त्यात बांध विरघळायचा. पुढं तो नव्यानं घालताना माती ओढायला सोपी पडे ती पलीकडून, आणि दगड बांधाबाहेर राहिलेला बरा दिसत नाही म्हणून तो उचलून नव्या बांधावर ठेवला जाई. कुणी चोरी केली नाही. नीटनेटकेपणानं केलं. असा तो बांध वर्षावर्षाला चाचीच्या रानात सरकत गेला होता.

आबांना आपली बाजू इतकी खरी वाटत होती, की तोड त्यांनीच सुचवली. आमच्या भागात जुन्या लोकांची एक रीत होती. दोन घरांची हद्द ठरली की दगडाच्या खाली हातभर खोल लोहाराच्या भट्टीतला कोळसा घालायचे, आणि त्यावर दोन्ही घरांतला एकेक झिजलेला नांगराचा फाळ, तोंडाला तोंड लावून. वर दगड. मग दोन्ही घरांच्या पोरांना तिथंच गूळ वाटायचा, म्हणजे जागा त्यांच्या ध्यानात राहते. आमच्या आजोबांनी आणि चाचीच्या सासऱ्यांनी असे फाळ पुरले होते, हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. कुठं, ते सांगायला गूळ खाल्लेलं कुणी उरलं नव्हतं. आबा सरपंचांना म्हणाले, "दामूचं यंत्र हाय. फाळ बोलंल तितं बांध." चाचीनंही मान हलवली. "दामूभाऊ तुमचा भाऊ आसला तरी त्याचा कान कुनाचा भाऊ न्हाई."

पंचांनी दुसऱ्या दिवशीची दुपार ठरवली. दुपार काकानं मागून घेतली होती. सकाळी खार ओल धरतो, उन्हानं पापडी कोरडी झाल्यावरच यंत्र शुद्धीवर येतं. पण आबांना धीर नव्हता. त्यांनी आदल्याच दिवशी, भर उन्हात, आम्हा दोघांना तिकडं नेलं. आम्ही दगडापासून सुरुवात केली. दगडाखाली काहीच नव्हतं. पांढऱ्या कडेला धरून आमच्या रानात शिरलो, विहिरीजवळून गेलो, विहीर मागं टाकली, आणि तिच्या पलीकडं, आमच्या बाजूला पुरता कासराभर आत, माझ्या कानात थाप पडली. काका उलटा फिरला, परत आला. तीच जागा. त्यानं कानाची वाटी काढली आणि आबांकडं बघितलं. विहीर चाचीची होती.

आबा खाली बसले. हातात खाराची पापडी चुरत राहिले. मग म्हणाले, "दामू, ते काड. आन दगडाखाली घाल."

काका हळू आवाजात म्हणाला, "दादा, मी जमिनीतून काडायला शिकलो. पुरायचं काम दुसऱ्यांचं हुतं. त्यांचंच काडता काडता माजा कान गेला."

"बैल मरतील."

"उद्या जे वाजंल ते मी सांगनार, दादा."

काका यंत्र खांद्यावर टाकून गेला. आबा उठले, विहिरीकडं पाहिलं, मग काठाला टेकवलेल्या फावड्याकडं, आणि माझ्याकडं न बघता तेही गेले. त्यांनी मला काही सांगितलं नाही. पुढं किती वर्षं मी स्वतःला सांगत होतो की सांगितलं.

गाव झोपलेलं होतं, उन्हात पाखरू नव्हतं. मी खणलं. आधी तांबडी माती लागली, मग फाळ. दोन होते, पण खारानं गंजून एकमेकांत असे धरले होते, की मी पायानं दाबून ओढले तरी सुटले नाहीत. खाली काळं काहीतरी होतं, तिकडं मी लक्ष दिलं नाही. तो गोळा दगडाखाली पुरला, दोन्ही खड्डे बुजवले, वरून पांढरी माती भुरभुरली आणि घरी येऊन पाणी प्यालो. गोडच होतं.

दुसऱ्या दुपारी सरपंच, चार जाणती माणसं, चाची आणि तिची मुलं, आबा, सगळे बाभळीच्या सावलीला बसले. काकानं दुसरी वाटी माझ्या कानाला लावली. त्याला वाटलं असेल, आज मला नीट ऐकवायचं. दगडापाशी यंत्र दणक्यात वाजलं. बसलेल्यांनाही वाटीतून आवाज गेला. आबांनी श्वास सोडलेला मी ऐकला. लोक उठायला लागले. काका मात्र खाली बघत राहिला. मग त्यानं कडेला धरून चालायला सुरुवात केली, आणि वायरीनं मलाही ओढत नेलं. विहिरीपलीकडं त्या जागी तो थांबला. तिथं काही नव्हतं. मी स्वतः काढलं होतं. आणि माझ्या कानात आवाज आला. थाप नव्हती, बारीक आणि पसरट होता, पण खाराचाही नव्हता. काका उलटा फिरून परत आला. आवाज तिथंच. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की त्याला कळलं.

"सरपंच, दोन्ही जागा खना," तो म्हणाला.

दगडाखालून गंजका गोळा निघाला. काका गुडघ्यांवर बसला आणि त्या खड्ड्याच्या तळातून एक पांढरा तुकडा उचलून त्यानं सगळ्यांच्या हातात फिरवला. "ही वरची पापडी. ऊन लागल्याशिवाय ही हुत न्हाई. लोखंडाच्या खाली ही कशी गेली? ह्यो खड्डा कालचा हाय." मग दुसरी जागा. तिथं लोखंड नव्हतं. पण हातभर खोल माती कातासारखी लाल झालेली होती, आणि तिच्याखाली कोळसा. "खाऱ्या जमिनीत लोखंड गंजतं आन मातीत उतरतं," काका म्हणाला. "मग लोखंड नेलं तरी माती बोलत ऱ्हाते. किनाऱ्यावर आमी आशा रिकाम्या जागा लई खनल्या. शिव्या देत खनल्या." ते सांगताना त्याच्या आवाजात विजय नव्हता. एखादं झाड कसं वाढतं ते सांगावं तसं तो सांगत होता.

सरपंचांनी विचारलं, "मग हलवलं कुनी?"

काका वायर गुंडाळत म्हणाला, "यंत्राला लोखंड कळतं, सरपंच. मानसं कळत न्हाईत."

त्या एका उत्तरानं मी वाचलो आणि तो गेला. जागा ठाऊक असणारा माणूस गावात एकच, असा हिशेब लोकांनी केला. कुणी म्हणालं, भावासाठी पुरलं आणि ऐनवेळी भ्याला. कुणी म्हणालं, चाचीनं काहीतरी चारलं. आबा गप्प राहिले आणि मीही गप्प राहिलो. काकानं पावसाळ्याआधी ट्रंक भरली आणि तो केडगावला त्या रेडिओवाल्याच्या दुकानात राहायला गेला. शेवटपर्यंत तिथंच लोकांचे रेडिओ बोलते करत बसला. मी भेटायला जायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो, आणि तो प्रत्येक वेळी मला समुद्राबद्दल सांगायचा. गावाचा विषय त्यानं कधी काढला नाही. वाळूचा डबा मात्र तो आईकडं ठेवून गेला होता.

बैल मेले नाहीत. चाचीनं त्याच दिवशी पंचांपुढं सांगितलं, "बांध माजा तितं घाला. पानी काय फाळानं मोजायचं हाय? जनावरं येऊ द्या." आबांनी ज्या भीतीपोटी ते सगळं होऊ दिलं, ती भीती एवढ्या एका वाक्यात संपली.

त्या दुपारचं एकच सांगायचं राहिलं. पंच म्हणाले, फाळ आत्ताच्या आत्ता खऱ्या जागी पुरा. चाचीनं तो गोळा उचलून उलटसुलट करून बघितला. "ह्यातला आमचा कंचा आन तुमचा कंचा, सांगा बघू आता." सगळे हसले, आबाही हसले. कोळशावर फाळ ठेवला, माती लोटली, वर दगड बसवला. तेवढ्यात चाचीचा मोठा मुलगा घरून गुळाचा खडा घेऊन पळत आला. तिनं तो दगडावर फोडला, एकेक तुकडा आपल्या मुलांना दिला, आणि एक माझ्यापुढं धरला. आमच्या घरातला लहान मीच होतो. "घे रं वसंता. आमी काय जल्माला पुरनार हाय? ह्यी जागा तुमी ध्यानात ठिवायची."

माझ्या हातांना अजून खार लागलेला होता, नखांत लाल माती होती. मी हात मागं घेतला. काका शेजारीच उभा होता, मी त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला. त्यानं माझं मनगट धरलं, तळहात उघडला, बोटांकडं बघितलं, आणि चाचीच्या हातून गूळ घेऊन त्यावर ठेवला.

"खा," तो म्हणाला. "ध्यानात ठेवायलाच देतात."